आव्हानात्मक चित्रपट, सामान्य प्रेक्षक आणि निरूपणाची परंपरा

प्रास्ताविक

कलात्मक चित्रपट सर्वसामान्य प्रेक्षकाला समजावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे अर्ध्या शतकाहून अधिक काळ चर्चिला जात आहे. मृणाल सेन यांचा 'भुवन शोम' १९६९ मध्ये आला. त्याच सुमारास मणि कौल यांचा 'उसकी रोटी' तयार झाला. तेव्हापासून समांतर, प्रायोगिक, कलात्मक अशा निरनिराळ्या नावांनी ओळखल्या गेलेल्या चित्रपटांवर एक आक्षेप सातत्याने घेतला गेला आहे. हे चित्रपट मूठभरांसाठी काढले जातात, सामान्य माणसाला ते कळत नाहीत, असा तो आक्षेप होय. त्यावर दिले जाणारे उत्तरही ठरून गेलेले आहे. श्रेष्ठ कला बहुसंख्यांसाठी नसतेच, असे सांगून समर्थक मोकळे होतात.

या दोन भूमिका परस्परविरोधी वाटल्या तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. दुर्बोधता हा कलाकृतीच्या अंगी कायमचा असलेला गुणधर्म आहे आणि 'सामान्य प्रेक्षक' ही एक न बदलणारी जात आहे, असे दोन्ही पक्ष मानतात. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी करावयाची आहे. आव्हानात्मक चित्रपट सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचलाच पाहिजे. तथापि त्यासाठी चित्रपट सोपा करण्याची गरज नाही, तो पोहोचविणारी व्यवस्था उभी करण्याची गरज आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. या व्यवस्थेला मराठी परंपरेत एक जुने नाव आहे, ते म्हणजे निरूपण.

सुलभीकरण आणि पोहोच

या विषयावरील पाश्चात्त्य चर्चेत दोन टोके सुपरिचित आहेत. 'कला म्हणजे काय?' या १८९८ मधील ग्रंथात टॉलस्टॉय यांनी श्रेष्ठ कला सर्वांना आकळली पाहिजे, असा आग्रह धरला. ओर्तेगा इ गासेत या स्पॅनिश विचारवंताने १९२५ मध्ये नेमके उलट निरीक्षण नोंदविले. नवी कला समाजाची समजणारे आणि न समजणारे अशी दोन गटांत विभागणी करते, असे त्याचे म्हणणे होते. आपल्याकडील वादही बहुधा याच दोन टोकांमध्ये हेलकावे खात राहिला.

या वादात 'सुलभ' या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळतात. पहिला अर्थ कलाकृतीशी संबंधित आहे. तिची रचना सरळ करणे, मौनाच्या जागी संवाद घालणे, संदिग्ध शेवटाऐवजी निश्चित शेवट देणे, याला सुलभीकरण म्हणता येईल. दुसरा अर्थ प्रेक्षकाच्या परिस्थितीशी संबंधित आहे. चित्रपट त्याच्या गावात दाखविला जातो काय, त्याच्या भाषेत त्याच्याशी बोलले जाते काय, अशा प्रकारचे चित्रपट पाहण्याचा सराव त्याला कधी मिळाला आहे काय, हे प्रश्न या दुसऱ्या अर्थात येतात. यास पोहोच म्हणावे. 'सामान्य माणसाला कळत नाही' हे विधान आपण बहुतेक वेळा पोहोचीचा विचार न करताच करतो. जे दाखविलेच गेले नाही ते कळले नाही, असा निष्कर्ष काढणे तर्कदृष्ट्या सदोष आहे.

मराठी साहित्याच्या अभ्यासकांना हा वाद नवा नाही. बा. सी. मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७ मध्ये प्रसिद्ध झाल्या, तेव्हा दुर्बोधतेचा आरोप त्यांच्यावर मोठ्या प्रमाणात झाला. पुढे तीच कविता विद्यापीठीय अभ्यासक्रमांत आली आणि लहानमोठ्या गावांतील विद्यार्थी ती वाचू लागले. या काळात कवितेतील एक ओळही बदललेली नव्हती. समीक्षकांनी व शिक्षकांनी तिच्याभोवती वाचनाची एक वाट तयार केली, एवढेच घडले. चित्रपटाच्या बाबतीत अशी वाट तयार करण्याचे काम आपण फारच थोडे केले आहे.

'दुविधा' आणि 'पहेली' : एका कथेची दोन रूपे

सुलभीकरणाने नेमके काय साधते, हे पाहण्यासाठी एकाच कथेवरील दोन चित्रपटांची तुलना उपयुक्त ठरते. विजयदान देथा यांनी लोककथेच्या आधारे लिहिलेल्या राजस्थानी कथेवर मणि कौल यांनी १९७३ मध्ये 'दुविधा' काढला. याच कथेवर अमोल पालेकर यांनी २००५ मध्ये 'पहेली' दिग्दर्शित केला. नवविवाहित व्यापारीपुत्र लग्नानंतर लगेच व्यापारासाठी परगावी जातो. वधूवर भाळलेले भूत त्याचे रूप घेऊन घरी येते. आपण कोण आहोत हे ते तिच्यापासून लपवीत नाही आणि ती त्याचा स्वीकार करते. कालांतराने खरा नवरा परततो. एक मेंढपाळ युक्तीने भुताला कोंडतो आणि वाद मिटवितो.

कौल यांचा चित्रपट ही कथा अत्यंत संयत रीतीने सांगतो. संवाद मोजके आहेत आणि बराच भाग निवेदनातून उलगडतो. राजस्थानी लघुचित्रांची आठवण व्हावी अशा चौकटींत माणसे उभी असतात. काही ठिकाणी प्रतिमा गोठून स्थिर होते. वधूच्या चेहऱ्यावरून तिच्या मनातील खळबळ सहजी वाचता येत नाही. शेवटी भूत नाहीसे होते आणि ती पुन्हा नवऱ्याच्या घरातील मौनात परतते. तिची इच्छा काय होती, असे कोणीही तिला विचारीत नाही. प्रेक्षकाला अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे आणि चित्रपटाची संथ, अलिप्त शैली त्याच अस्वस्थतेतून आलेली आहे. या चित्रपटासाठी कौल यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

'पहेली'मध्ये शाहरूख खान आणि राणी मुखर्जी आहेत, रंगांची उधळण आहे, गाणी आहेत आणि कथा सांगणाऱ्या बोलक्या कठपुतळ्याही आहेत. शेवट बदललेला आहे. भूत नवऱ्याच्या देहात प्रवेश करते आणि प्रेमिकांचे मीलन होते. स्त्रीच्या इच्छेला मान्यता देणारे हे अर्थनिर्णयन म्हणून त्याचे मूल्य नाकारण्याचे कारण नाही. लोकप्रिय चौकटीत राहूनही विवाहसंस्थेविषयी एक धीट प्रश्न हा चित्रपट विचारतो. त्या वर्षी ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली होती.

तथापि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. 'पहेली' पाहिलेला प्रेक्षक 'दुविधा'च्या जवळ पोहोचला, असे म्हणता येत नाही. त्याला एक निराळी कलाकृती मिळाली. मूळ चित्रपटातील जो पेच त्याला पेलणार नाही असे गृहीत धरले गेले, तो पेच त्याच्यासमोर आलाच नाही. शिवाय हे गृहीतकही तपासून पाहण्याजोगे आहे. लोककथेचा श्रोता पेचाला घाबरत नाही. वेताळपंचविशीतील वेताळ गोष्टीच्या शेवटी राजापुढे कूट प्रश्न ठेवतो आणि पिढ्यान्‌पिढ्या अशिक्षित श्रोत्यांनी त्या प्रश्नांचा आनंद घेतला आहे. सामान्य माणसाला संदिग्धता सोसत नाही, हा समज त्या माणसाच्या स्वतःच्या कथनपरंपरेशीच विसंगत आहे.

'उसकी रोटी' : न पोहोचलेला चित्रपट

मोहन राकेश यांच्या कथेवरील 'उसकी रोटी'ची नायिका बालो ही बसचालक सुच्चासिंगची पत्नी आहे. नवऱ्यासाठी भाकरी घेऊन ती रोज रस्त्यावर बसची वाट पाहते. एके दिवशी धाकट्या बहिणीवर आलेल्या प्रसंगामुळे तिला उशीर होतो आणि बस निघून जाते. ती रात्रीपर्यंत तेथेच थांबते. रूढ अर्थाने चित्रपटात याहून फार काही घडत नाही. के. के. महाजन यांचा कॅमेरा हातांवर, भिंतीवर, रिकाम्या रस्त्यावर रेंगाळतो. पात्रे भावनारहित स्वरात बोलतात. वाट पाहण्याचा काळ प्रेक्षकाला कापून दिला जात नाही, तो त्याला भोगावा लागतो.

या चित्रपटाला दुर्बोधतेचे उदाहरण मानण्याची प्रथा आहे. परंतु वाट पाहणे हा अनुभव कोणाला अपरिचित आहे? एस.टी.च्या थांब्यावर तासन्‌तास ताटकळलेल्या, नवऱ्याच्या येण्याजाण्यावर दिवस आखणाऱ्या स्त्रीला बालोची स्थिती कोणत्याही चित्रपट-अभ्यासकापेक्षा अधिक आतून ठाऊक आहे. तिला अपरिचित आहे ती चित्रपटाची भाषा. अनुभव तिचा आणि भाषा अनोळखी, अशी ही अवस्था आहे. यातील भाषा शिकविता येते, अनुभव शिकविता येत नाही. म्हणजे सामान्य प्रेक्षकाकडे जे आहे ते अधिक मौल्यवान आहे आणि जे नाही ते देता येण्याजोगे आहे.

ते दिले का गेले नाही, याचे कारण संस्थात्मक इतिहासात सापडते. १९६० मध्ये स्थापन झालेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने साठच्या दशकाच्या अखेरीस नव्या दिग्दर्शकांच्या अल्पखर्ची चित्रपटांना कर्जे देण्यास आरंभ केला. 'भुवन शोम', 'उसकी रोटी', कुमार शहानी यांचा 'माया दर्पण' (१९७२) हे चित्रपट त्यातून उभे राहिले. मात्र निर्मितीला पैसा मिळाला तरी प्रदर्शनाची तरतूद त्या प्रमाणात झाली नाही. वितरक मोठ्या चित्रपटगृहांचे भाडे परवडेल असेच चित्रपट घेत. लहान प्रेक्षागृहांची साखळी उभी राहिली नाही. परिणामी अनेक चित्रपट महोत्सव आणि फिल्म सोसायट्या यांपुरतेच राहिले. १९७६ मध्ये संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने महामंडळाच्या या धोरणावर टीका केली. ज्या मालासाठी दुकानच उघडले नव्हते, तो खपला नाही म्हणून माल सदोष ठरविला गेला.

टीका केवळ बाहेरून झाली असे नाही. सत्यजित राय यांनी १९७१ आणि १९७४ मधील लेखांतून या नव्या प्रवाहाची कठोर चिकित्सा केली आणि 'माया दर्पण' व 'दुविधा' यांविषयी आपली नापसंती स्पष्ट शब्दांत नोंदविली. राय यांची टीका गांभीर्याने घ्यावयास हवी, कारण त्यातून एक रास्त कसोटी मिळते. संथपणा अनुभवातून आला आहे की तो केवळ उच्चभ्रूपणाची खूण म्हणून मिरविला जात आहे, ही ती कसोटी होय. 'उसकी रोटी'तील संथपणा बालोच्या वाट पाहण्यातून येतो, म्हणून तो समर्थनीय ठरतो. त्याचे अनुकरण करणाऱ्या प्रत्येक चित्रपटाबाबत असे म्हणता येणार नाही. दुर्बोधता हा गुण नव्हे, हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

रसिक घडतो कसा?

अभिनवगुप्ताची 'सहृदय' ही संकल्पना येथे मार्गदर्शक ठरते. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे आणि म्हणून जो वर्ण्य विषयाशी तन्मय होऊ शकतो, तो सहृदय होय. या व्याख्येचा रोख बहुधा दुर्लक्षिला जातो. सहृदयता जन्माने किंवा वर्गाने मिळत नाही, ती सरावाने येते. सराव हा संधीचा प्रश्न आहे आणि संधी हा सामाजिक व्यवस्थेचा.

'संत तुकाराम' (१९३६) या प्रभातच्या चित्रपटाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दामले-फत्तेलाल यांचा हा चित्रपट मुंबईत वर्षभराहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातही त्याची दखल घेतली गेली. तो सोपा होता म्हणून सर्वांपर्यंत पोहोचला, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः संसार आणि भक्ती यांमधील ताण, जिजाईचे व्यवहारी शहाणपण आणि तुकोबांचे विदेहीपण यांचा मेळ हा काही सोपा विषय नव्हे. तो पोहोचला, कारण प्रेक्षक तयार होऊन आला होता. शतकानुशतकांच्या कीर्तनांनी व वारीने त्याचा कान घडविला होता. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेला एक अभंग अनेकांनी तुकोबांचाच मानला, यावरून कवी आणि श्रोते एकाच परंपरेत किती मुरलेले होते, हे दिसून येते.

ही तयारी ज्या पद्धतीने झाली ती निरूपणाची पद्धत होय. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीता मराठीत आणली, तेव्हा त्यांनी ती संक्षिप्त केली नाही. सातशे श्लोकांवर नऊ हजारांच्या घरात ओव्या रचल्या गेल्या. कठीण ग्रंथ लोकांपर्यंत नेण्यासाठी त्यांनी त्यातील काही कमी न करता दृष्टान्तांची, उपमांची, घरगुती व्यवहारातील प्रतिमांची भर घातली. कीर्तनकारही पूर्वरंगात एखादा अवघड अभंग घेतो, तो फोडून दाखवितो, उत्तररंगात आख्यान लावतो आणि अखेरीस श्रोत्याला पुन्हा मूळ अभंगाशी आणून सोडतो. अभंग आहे तसाच राहतो, बदलतो तो श्रोता. सुलभीकरण आणि निरूपण यांतील भेद हा असा आहे.

हेग्गोडु आणि 'मंथन' : दोन प्रयोग

चित्रपटाच्या क्षेत्रात असे काम झालेच नाही, असे नव्हे. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील हेग्गोडु या खेड्यात १९४९ मध्ये 'नीनासम्' ही संस्था स्थापन झाली. के. व्ही. सुब्बण्णा यांच्या पुढाकाराने तिने नाटकाबरोबरच चित्रपटाचेही कार्य हाती घेतले. सत्तरच्या दशकापासून तेथे जागतिक अभिजात चित्रपट ग्रामस्थांना दाखविले जाऊ लागले. त्यांचा परिचय कन्नड भाषेतून करून दिला जाई. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर आणि चित्रपट-रसास्वादाचे अध्यापक सतीश बहादूर यांचे साहाय्य या उपक्रमाला लाभले. सुब्बण्णा यांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा जगातील उत्तम चित्रपट ग्रामीण कर्नाटकात नेल्याचा उल्लेख मानपत्रात आवर्जून करण्यात आला. सुपारीच्या बागांत राबणारे लोक हे चित्रपट पाहू शकले, याचे श्रेय चित्रपट सोपे असण्याला देता येत नाही. ते मातृभाषेतील परिचय, सातत्य आणि सामूहिक चर्चा यांना द्यावे लागते.

दुसरा प्रयोग श्याम बेनेगल यांच्या 'मंथन' (१९७६) या चित्रपटाचा. गुजरातमधील पाच लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन त्याची निर्मिती केली. पटकथा विजय तेंडुलकर यांची होती. सहकारी चळवळीतील जातिसंघर्ष हा चित्रपट झाकून ठेवीत नाही, तरीही त्याचे निर्माते असलेले शेतकरी मालमोटारींतून तो पाहावयास गेले. 'मंथन'ची कथनशैली 'उसकी रोटी'इतकी अनोळखी नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु आपण ज्याचे भागीदार आहोत त्या कलाकृतीकडे प्रेक्षक निराळ्या जिव्हाळ्याने पाहतो, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

महाराष्ट्रात मुंबईचे प्रभात चित्र मंडळ (१९६८) आणि पुण्याचा आशय फिल्म क्लब (१९८५) यांचे कार्य मोठे आहे. तथापि फिल्म सोसायटी चळवळ मुख्यतः शहरी राहिली आणि तिची व्यवहारभाषा बहुतांशी इंग्रजी उपशीर्षकांची राहिली. तालुक्याच्या ठिकाणचा विद्यार्थी इराणी किंवा जपानी चित्रपट पाहतो, तेव्हा त्याच्यापुढे दोन परक्या भाषा एकदम येतात. त्यातील दुसरी भाषा चित्रपटाची नसते, आपल्या व्यवस्थेने त्याच्यावर लादलेली असते. त्याला चित्रपट कळला नाही, असे म्हणण्यापूर्वी त्याला उपशीर्षके वाचता आली काय, हे विचारले पाहिजे.

काही आक्षेप

निरूपणाच्या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, अशाने शिक्षक हा नवा पुरोहित बनेल आणि प्रेक्षकाचा थेट अनुभव हिरावला जाईल. हा धोका खरा आहे. आपल्या वर्गांत कवितेचे जे झाले ते चित्रपटाचेही होऊ शकते. 'गाईड' विद्यार्थ्याला उत्तर देते आणि कविता वाचण्याच्या कष्टातून त्याची सुटका करते. निरूपणाने हे करता कामा नये. 'कोर्ट' (२०१४) या चैतन्य ताम्हाणे यांच्या चित्रपटात न्यायालयाचे दिवे मालवल्यावरही कॅमेरा अंधाऱ्या दालनात थांबून राहतो आणि त्यानंतर चित्रपट सुटीवर गेलेल्या न्यायाधीशाकडे वळतो. तेथे 'याचा अर्थ असा' असे सांगणारा शिक्षक चित्रपट संपवून टाकतो. 'चित्रपट येथेच का संपला नाही?' असे विचारणारा शिक्षक तो सुरू करतो. तारखांसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविलेल्या कुटुंबांतील विद्यार्थी या प्रश्नाचे उत्तर शिक्षकापेक्षा चांगले देऊ शकेल.

दुसरा आक्षेप असा की, सर्वांना असे चित्रपट आवडतीलच असे नाही. हेही खरे आहे आणि त्यात वावगे काही नाही. पोहोचीचा आग्रह हा आवडीचा आग्रह नव्हे. पाहून नाकारणे हा प्रेक्षकाचा अधिकार आहे. त्याने पाहण्यापूर्वीच त्याच्या वतीने नकार देणे हा मात्र कोणाचाही अधिकार नाही. हा नकार कधी वितरक देतो, कधी समीक्षक आणि कधी 'आमच्या विद्यार्थ्यांना हे झेपणार नाही' असे म्हणणारा प्राध्यापकही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, आव्हानात्मक चित्रपट आणि सामान्य प्रेक्षक यांमधील अंतर हे मुख्यतः परिचयाचे अंतर आहे. ते कमी करण्यासाठी चित्रपटातील पेच काढून घेणे हा उपाय नाही, कारण त्यामुळे प्रेक्षकाला मूळ वस्तूच मिळत नाही. दिग्दर्शकाचे उत्तरदायित्व आपल्या अनुभवाशी प्रामाणिक राहण्यापुरते आहे. पोहोचविण्याचे उत्तरदायित्व संस्थांचे आहे.

या संस्थांचे स्वरूप बदलत आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. जुने चित्रपट अंकीय रूपात पूर्वीपेक्षा सहज मिळू लागले आहेत, परंतु मिळणे म्हणजे पोहोचणे नव्हे. अशा वेळी ग्रामीण व निमशहरी भागांतील महाविद्यालयांवर एक विशेष जबाबदारी येते. ज्या भागात फिल्म सोसायटी नाही, तेथेही बहुधा महाविद्यालय असते. सभागृह, प्रक्षेपक आणि बोलू शकणारा एखादा अध्यापक एवढे भांडवल त्याच्याकडे आहे. रीतसर परवानगी घेऊन महिन्याला एक चित्रपट, त्यापूर्वी मराठीतून अर्धा तास परिचय, त्यानंतर गावकऱ्यांनाही खुली असलेली चर्चा आणि शक्य तेथे भाषा विभागांनी तयार केलेली मराठी उपशीर्षके, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. 'दुविधा' आणि 'पहेली' लागोपाठ दाखवून दोहोंच्या शेवटांवर विद्यार्थ्यांना बोलते केले, तरी साहित्याच्या माध्यमांतराचा पाठ जिवंत होईल.

या कामाला अनुदानापेक्षा विश्वासाची गरज अधिक आहे. ज्या समाजाने नऊ हजार ओव्या ऐकल्या, त्याला दीड तासाचा एक संथ चित्रपट पाहवणार नाही, असे मानण्यास आपल्यापाशी कोणताही पुरावा नाही. पुरावा मिळवायचा असेल तर चित्रपट दाखवावा लागेल.